समोरच्या फ्लॅटमधली हॉकी

अण्णा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा आमचं साताऱ्याकडे परत जायचं जवळजवळ ठरलं होतं. पण माझं कॉलेज दिल्लीत सुरू झालेलं होतं, आणि अण्णांना गाझियाबादच्या एका कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसरची नोकरी मिळाली. मग छावणीतलं क्वार्टर सोडून आम्ही हायवेपलीकडच्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो. इतकी नवी, की लिफ्टमधल्या आरशावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. खिडकीतून दिसणाऱ्या निम्म्या इमारतींत माणसं नव्हती, नुसते बांबू होते.

अण्णांना ती जागा पहिल्यापासून पटली नाही. छावणीत समोरून येणाऱ्या माणसाचा हुद्दा, युनिट, गाव सगळं ठाऊक असायचं. इथे शेजारी काय करतो हे शेजाऱ्याला माहीत नसे, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही कुणाला नसे. अण्णा दूधवाल्याला गाव विचारत, केबलवाल्याला बापाचं नाव विचारत. बिल्डरनं नकाशात दाखवलेली बाग शोधत ते एकदा सोसायटीभोवती पूर्ण फेरी मारून आले आणि म्हणाले, "जी गोष्ट कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, तिच्यामागे कुणीतरी असतं."

त्यांचा सगळ्यात मोठा संशय मात्र समोरच्या फ्लॅटवर होता. तिथे एक तरुण मुलगा एकटा राहायचा. दारावर नावाची पाटी नव्हती. दिवसभर पडदे ओढलेले असत. संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला खाली एक पांढरी सुमो येऊन हॉर्न द्यायची, की हा इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून धावत उतरायचा. परत यायचा तो सकाळी, आई रांगोळी काढत असायची तेव्हा. दारातल्या भिंगाला डोळा लावून अण्णा त्याचं जाणं-येणं बघायचे.

"रात्रपाळी असेल कुठेतरी," आई म्हणायची.

"कारखान्यात रात्रपाळी मीही बघतो. रात्रपाळीचा माणूस असा सेंट मारून जात नाही."

एका रविवारी दुपारी त्याच्या फ्लॅटमधून भलताच गोंगाट ऐकू यायला लागला. हजारो माणसं ओरडताहेत, शिट्ट्या वाजताहेत, मध्येच काचेवर काहीतरी आपटल्याचा आवाज. अण्णा जेवणावरून उठले आणि सरळ जाऊन त्याची बेल वाजवली. मी मागोमाग गेले, कारण अण्णा हिंदीत भांडायला लागले की त्यांचं व्याकरण बिघडतं आणि मग ते जास्त चिडतात.

त्यानं दार उघडलं. बनियन, पायजमा, डोळे सुजलेले. आत रिकाम्या खोलीत एक गादी, एक कूलर, भिंतीशी पुस्तकांची चळत आणि टेबलावर कॉम्प्युटर. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र मैदानात माणसं स्टिका घेऊन घसरत होती.

"गेम है, अंकल. सॉरी. आवाज कम करता हूँ."

अण्णांनी पडद्याकडे बघितलं आणि भांडायचं विसरले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत ते युनिटच्या टीमकडून हॉकी खेळले होते. सेंटर फॉरवर्ड. गुडघा गेला तेव्हाच थांबले.

"ये हॉकी है?"

"आइस हॉकी. बर्फ पर खेलते हैं."

अण्णा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बर्फावर माणूस उभा राहतो तो नाइलाजानं. मी राहिलोय. खेळायला कोण जाईल तिथं?"

आणि तो मुलगा मराठीत म्हणाला, "कॅनडातले लोक खेळतात, काका."

अण्णांचा चेहरा बघून मला वाटलं, आता गोंगाटापेक्षा मोठं काहीतरी होणार.

"तू मराठी आहेस?"

"हो. नांदेडकडचा."

"दोन महिने समोर राहतोस. आमचं बोलणं जिन्यात ऐकतोस. आणि एकदाही मराठीत बोलला नाहीस?"

त्यानं खाली बघितलं. "तसं काही नाही, काका. राहून गेलं."

घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "परमुलखात आपली भाषा ऐकून जो माणूस गप्प बसतो, त्याला काहीतरी झाकायचं असतं." मला तेव्हा ते अतिरेकी वाटलं. पण मीही त्या रात्री त्याच्या 'राहून गेलं'चा विचार करत होते, हेही खरं.

पुढच्या रविवारी अण्णा पुन्हा त्याच्याकडे गेले. या वेळी आवाज नव्हता. "पाहणी करून येतो," म्हणाले, आणि मला बरोबर घेतलं, कारण कॉम्प्युटरमधलं मला कळतं असा त्यांचा समज होता. दार सताड उघडं ठेवायचं, ही आईची अट. त्या उघड्या दारातून आई अधूनमधून आमच्या दारात येऊन डोकावून जायची. तिचा संशय अण्णांपेक्षा वेगळा होता, आणि तो तिनं बोलून दाखवला नाही तरी मला कळत होता.

त्याच्याकडे खेळायचं एक पॅड होतं, ते तो वापरायचा. मला कीबोर्ड मिळाला. बाणांनी माणूस पळवायचा, एका बटणानं पास, एकानं फटका, एकानं वेग. चेंडू नव्हता. काळी चपटी चकती होती. पहिल्या दिवशी मी जिथून मिळेल तिथून गोलवर फटके मारत सुटले. एकही गेला नाही. त्याचे मात्र धडाधड जात होते.

अण्णा खुर्चीत ताठ बसून बघत होते. कीबोर्डला त्यांनी हात लावला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "समोरून मारतेस म्हणून अडतंय. गोलकीपर समोरच बघत उभा आहे. त्याला आधी हलव. हललेला माणूसच चुकतो."

"कसा हलवू?"

"गोलसमोरून आडवी जा. तो तुझ्याबरोबर सरकेल. त्यानं सोडलेल्या बाजूला मार."

मी तसं केलं. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात चकती जाळीत गेली आणि पडद्यावरचा लाल दिवा फिरायला लागला. मी ओरडले. समोरून आई धावत आली.

त्यानंतर रविवार ठरून गेला. अण्णा सांगायचे, मी खेळायचे. ते हरत नव्हते, मी हरत होते, पण चिडायचे ते. हळूहळू आम्हाला त्या खेळाचं अंग कळायला लागलं. वेगाचं बटण दाबूनच ठेवलं की माणूस दमतो आणि त्याच्या फटक्यात जोर राहत नाही. अण्णा म्हणायचे, "मोकळ्या जागेत पळ, गर्दीत पळू नकोस. गर्दीत पास दे." पास पोचायच्या आधीच फटक्याचं बटण दाबून ठेवलं, तर दुसरा गडी चकती न थांबवता तशीच मारतो आणि गोलकीपरला सरकायला वेळ मिळत नाही. हे समोरच्या मुलानं कधी सांगितलं नव्हतं. त्याचा अंगठा बघून अण्णांनी ओळखलं.

"तो पास देतो त्याच दमात दुसरं बटण दाबतो. आपल्याला सांगितलं नाही त्यानं."

"तुम्ही विचारलं नाहीत, काका," तो हसून म्हणाला.

"शत्रूला विचारायचं नसतं," अण्णा म्हणाले. ते हसले नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत मान्य झाली नाही. या हॉकीत गोलच्या मागेही जागा असते. खेळाडू चकती घेऊन जाळीमागे जातो, तिथून कुणालातरी पुढे पास देतो, आणि गोलकीपरला आपल्या पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. मी त्या चालीनं गोल केला तेव्हा अण्णांना आनंद झाला नाही. "मागून कसला खेळ? ही घुसखोरी झाली," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण कर. चालत असेल तर कर."

एकदा आम्ही पुढे होतो आणि वेळ संपत आली होती, इतक्यात लाइट गेली. अण्णा तडक उठून बाहेर गेले, जिन्यातला दिवा बघितला, आमच्या घरातला पंखा बघितला, मग खाली जाऊन मीटरचा बोर्ड तपासून आले. सगळ्या सोसायटीची लाइट गेली होती. "खरंच गेलीय," ते दारातून म्हणाले. त्यांच्या स्वरात थोडी निराशा होती.

उन्हाळा लागतानाच ती गोष्ट झाली. आमचं आणि त्याचं स्वयंपाकघर एकाच शाफ्टमध्ये उघडायचं, आणि शाफ्टमधून आवाज यायचे. बाहेर लूचे गरम वारे वाहत होते. आई पोळ्या करत होती. तिनं मला हाक मारली.

"ऐक गं. हा काय बोलतोय बघ. स्नो, स्नो म्हणतोय."

मी खिडकीशी गेले. तो इंग्रजीत बोलत होता, पण आमच्याशी बोलायचा तसं नाही. आवाज नाकातून, शब्द ओढून. एक इंग्रजी नाव सांगून म्हणत होता की आपण तोच बोलतोय, काळजी करू नका, इथेही सकाळपासून बर्फ पडतोय. मग तेच वाक्य पुन्हा. मग त्यातल्या एका शब्दावर अडून तेवढाच शब्द चार-पाचदा.

अण्णाही येऊन ऐकत उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधीच तसा बघितला नव्हता. ते मला हळूच म्हणाले, "गेममध्ये तो स्वतःचं नाव काय लिहितो, आठवतंय?"

मला आठवत होतं. पडद्यावर गोलफलकाच्या बाजूला तेच इंग्रजी नाव असायचं. आम्हाला वाटलं होतं, गेममध्येच असेल.

"नाव बदललेला, गाव बदललेला माणूस," अण्णा म्हणाले, "आणि मला विचारतो, काका तुम्ही कुठे कुठे पोस्टिंगला होता. बर्फात होतात का. किती थंडी असते."

"अहो, गप्पा मारत असेल पोरगं," आई म्हणाली, पण तिनं खिडकी लावून घेतली.

त्यानंतर रविवारची हॉकी बंद झाली. अण्णा जिन्यात त्याला भेटले तर मान हलवून पुढे जायचे. एका संध्याकाळी सुमो येऊन गेली आणि पाठोपाठ अण्णाही स्कूटर काढून गेले. उशिरा आले. कुठे गेला होतात म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाले, "हवा भरायला."

मग एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल."

तो आम्हाला बघून खूश झाला. पॅड पुढे केलं. अण्णा बसले नाहीत.

"तुझं नाव काय?"

त्यानं नाव सांगितलं, आम्हाला माहीत होतं ते.

"आणि दुसरं?"

त्याचा चेहरा पडला. पण त्यानं लपवाछपवी केली नाही. तो कॉल सेंटरमध्ये होता. तेव्हा तो शब्द आम्हाला नवा होता. रात्रभर परदेशातले लोक फोन करतात, त्यांच्या मशीनचं काही बिघडलं की, आणि हा इथून उत्तरं देतो. नाव इंग्रजी घ्यावं लागतं. आपण कुठून बोलतोय ते सांगायचं नसतं.

"आणि हॉकी?"

"ट्रेनिंगमध्ये सांगितलं. तिकडचे लोक चिडून फोन करतात. त्यांच्या हॉकीविषयी एखादं वाक्य बोललं की नरमतात. पण मला त्यातलं काय माहीत असणार? मी बर्फ पाहिला तो रसवंतीवर. म्हणून ही सीडी आणली. खेळून खेळून कळायला लागलं."

अण्णांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे खोटं नीट बोलता यावं म्हणून तू हॉकी शिकतोस."

"तसं म्हणा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"घरी माहीत आहे?"

या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं ते पुस्तकांच्या चळतीकडे बघत. घरी वाटत होतं, तो अजून दिल्लीतल्या मुनिरकात खोली घेऊन कलेक्टरच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. परीक्षेला बसायच्या त्याच्या संधी कधीच संपल्या होत्या. मराठी माणसांशी तो बोलत नव्हता कारण कुठून तरी बातमी गावापर्यंत जाईल, अशी त्याला भीती होती. दिल्लीत तेव्हा मराठी माणसं थोडी, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं गाव माहीत.

घरी परत आल्यावर आईनं विचारलं, "खरं बोलला का?"

"अर्धं खरं आहे," अण्णा म्हणाले. "कुठलं अर्धं, ते मला माहीत आहे." आणखी काही सांगितलं नाही.

हॉकी परत सुरू झाली, पण पूर्वीसारखी नाही. अण्णा आता पडद्यापेक्षा त्याच्याकडे जास्त बघायचे.

दिवाळीच्या आधी एका सकाळी आमची बेल वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ होते. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी, हातात तेलकट झालेला फराळाचा डबा. चुकून आमची बेल दाबली होती. त्यांनी मुलाचं नाव घेतलं.

"मुनिरक्यात गेलतो. तिथली पोरं म्हणले, इकडं राहतंय. गावाकडचं कुणी राहतंय का हिथं?"

आईनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. अण्णांची त्या दिवशी सुट्टी होती. ते बाहेर आले, नमस्कार केला, समोर बसले. समोरच्या दाराआड तो झोपलेला होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"साहेब, पोरगं अभ्यास करतंय ना?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "खरं सांगा. खोली बदलली, आम्हाला सांगितलं नाही. माझ्या मनात लई काय काय यायलंय."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांना खोटं बोलता येत नाही. शेजारधर्म म्हणूनसुद्धा येत नाही.

"रात्रभर जागतो," ते म्हणाले. "आता झोपलाय. तुम्ही चहा घ्या, मी उठवतो."

ते गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले, एकटेच. मग तो आला. तोंड धुतलेलं, केस तसेच. बापाच्या पाया पडला आणि उभा राहूनच सगळं सांगून टाकलं. परीक्षा, नोकरी, रात्र, फोन. मध्ये थांबला नाही. अण्णांनी त्याला आत काय सांगितलं होतं कोण जाणे.

म्हातारे ऐकत राहिले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांना पटलंच नव्हतं.

"परदेशातल्या माणसांसंग फोनवर बोलायचं आणि त्याचा पगार? कोण देतंय पगार?" त्यांनी मुलाकडे नीट निरखून बघितलं. "काय भलतंसलतं तर करत नाहीस ना बाबा? मला सांग. मी रागवत नाही."

"नाही हो, बाबा."

"नाव बदलून कोण बोलतं? चोर बोलतं."

म्हातारे अण्णांकडे वळले. "साहेब, तुम्ही फौजेतले. तुम्हाला पटतं का हे?"

अण्णांनी कप खाली ठेवला.

"मलाही पटलं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून मी त्याच्या गाडीमागे गेलो. नोएडात काचेची मोठी बिल्डिंग आहे. गेटवरचा सुपरवायझर माझ्याच रेजिमेंटचा निघाला. त्यानं मला आत नेऊन काचेतून दाखवलं. शे-दोनशे पोरं-पोरी कानाला फोन लावून बसलेली. तुमचा मुलगाही होता. काम करत होता. मी स्वतः बघितलंय."

तो मुलगा अण्णांकडे बघतच राहिला. तेव्हाच त्याला आणि आम्हाला कळलं, की ती हवा भरायला गेलेली संध्याकाळ म्हणजे काय होती.

म्हाताऱ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुम्ही बघितलंय म्हणता."

"बघितलंय. न बघता मी कुणाचीच हमी देत नाही."

त्यावर म्हातारे रडले. कलेक्टर न झालेल्या मुलासाठी रडले की चोर न निघालेल्या मुलासाठी, ते मला कळलं नाही. आईनं तो तेलकट डबा उघडला आणि त्यातल्या करंज्या सगळ्यांना दिल्या, त्यांनाही.

ते आठवडाभर राहिले. दुपारी मुलाशेजारी बसून गेम बघायचे, आणि कुणी पडलं की "अरे अरे" करायचे. जाताना अण्णांचे हात धरून म्हणाले, "लक्ष ठेवा." अण्णा म्हणाले, "ते तर ठेवतोच."

पुढच्या वर्षी त्याला गुडगावात वरच्या जागेवर नोकरी मिळाली आणि फ्लॅट सोडायची वेळ आली. सामान बांधायच्या आदल्या दुपारी कॉम्प्युटर तेवढा जोडलेला होता. अण्णा म्हणाले, "एक शेवटची होऊन जाऊ दे." आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून कीबोर्डवर स्वतः बसले.

त्यांची जाड बोटं दोन-दोन बटणं एकदम दाबत होती. तरी बरोबरी होती, कारण आता ते त्याची प्रत्येक चाल आधीच ओळखत होते. शेवटी अण्णांचा गडी उजवीकडून आत शिरला. त्यांनी फटक्यासाठी स्टिक उचलल्यासारखं केलं, गोलकीपर खाली बसला, आणि फटक्याऐवजी त्यांनी आडवा पास दिला. दुसरा गडी रिकाम्या गोलसमोर होता. गेला गोल. वेळ संपली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा उठले नाहीत. त्याच्याकडे वळून म्हणाले, "सोडलास तू."

"नाही, काका."

"तुझा मागचा गडी उभाच राहिला. एरवी तो पास तू तोडला असतास."

"खरंच नाही सोडला, काका. शपथ."

अण्णांनी त्याला निरखून बघितलं. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॉनिटर स्वतः उचलून खाली टेम्पोत ठेवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हाही पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं.

गोल झाला तेव्हा मी पडद्याकडे बघत होते, त्याच्या अंगठ्याकडे नाही. म्हणून मला सांगता येत नाही. त्याची लग्नपत्रिका आली, मुलगी झाल्याचा फोन आला, आमच्याकडे कुणीतरी जेवायला आलेलं असताना त्याचा विषय निघाला, तरी अण्णा ताटाशेजारची वाटी सरकवायचे, तिच्यापुढे पेला ठेवायचे, चमचा आडवा करायचे.

"हा गोल. हा माझा गडी. आणि हा त्याचा. इथं उभा होता, पास समोरून गेला, आणि हा हलला नाही." मग चमच्यावर बोट ठेवून पाहुण्यांकडे बघायचे. "का हलला नाही? सांगा तुम्ही."